कोरडं वजन

तेजस्वी, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर बघू. तोंडावर उजेड असला की माणूस हात राखून सांगतो. आणि अल्पेश, तू मधे हसणार असशील तर आत्ताच घरी जा. ही गोष्ट आपल्या आंगण्यांची आहे. बी विंगमधल्या जितेंद्र आंगणेंची, आमच्या जितूची. तुम्ही त्यांना रोज बघता, संध्याकाळी गेटपाशी खुर्ची टाकून बसलेले असतात, उकाड्यातसुद्धा डावी बाही मनगटापर्यंत खाली. त्यांनी मला हे सगळं एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तर उठून गेले.

गेल्या सप्टेंबरची वीस तारीख, शनिवार. पितृपक्षातली चतुर्दशी. अपघातात, बुडून, अवेळी गेलेल्यांचं श्राद्ध घालतात ना, तो दिवस. जितूचा एक चुलतभाऊ हायवेवर अपघातात गेलेला, त्याचं श्राद्ध होतं कामणला. जितू आणि त्याची बायको, सुमेधावहिनी, सकाळीच तिकडे गेले. आणि जितू तिथे जेवला. तुम्ही म्हणाल, जेवला तर काय झालं?

जितूसारख्या ज्याच्या किडन्या गेल्या ना, त्याच्या अंगातल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. प्यायलेला घोट आत साठतो. आधी पावलं सुजतात, मग चेहरा, मग ते पाणी फुप्फुसात चढतं आणि माणूस जमिनीवर बसल्या बसल्या बुडायला लागतो. म्हणून त्यांना पाणी मोजून. चहासुद्धा त्यातच धरायचा, आमटीसुद्धा. तहान मात्र तुमच्याआमच्यापेक्षा दसपट. जितू म्हणायचा, रात्री शेजाऱ्याच्या घरातला नळ गळला तरी मला जाग येते.

त्या दिवशी कामणला कढी होती, खीर होती, आग्रह होता. वर्षभर आवळून धरलेला माणूस सुटला. दुपारी चारच्या सुमारास परतीच्या रिक्षात त्याला धाप लागली. वहिनींनी डायलिसिस सेंटरला फोन लावला. सेंटर म्हणजे आपल्या बोळिंजचंच, एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. तिथला टेक्निशियन ग्लेन, चांगला मुलगा. तो म्हणाला, "काकी, आत्ता सगळे बेड फुल आहेत. रात्री शेवटच्या शिफ्टला घेऊन या. मी थांबतो."

म्हणून रात्री नऊला वहिनींनी त्याला सोडलं आणि डबा करायला घरी गेल्या. नेहमीचंच काम. किराणा आणायला जावं इतकं नेहमीचं.

ग्लेनने आधी काट्यावर उभं केलं. आकडा बघून शीळ घातली.

"काका, काय खाल्लंत?"

"श्राद्ध होतं रे."

"खीर?"

जितू काट्यावरून उतरला.

"आणि कढी. बरोबर ना?" ग्लेन हसला. "असू दे. सोमवारी तुमचा टर्न आहेच, तेव्हा पूर्ण डायलिसिस करू. आज फक्त पाणी काढतो. कोरड्या वजनावर आणून सोडतो तुम्हाला."

कोरडं वजन म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी काढून टाकल्यावर माणूस जेवढा उरतो तेवढं. त्याच्या खाली जायचं नाही. खाली गेलं की पोटऱ्यांत गोळे येतात, प्रेशर पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस सुकत जातो, असं समजा.

डाव्या हाताची शीर डॉक्टरांनी ऑपरेशन करून जाड केलेली असते, दोरखंडासारखी. तिच्यात दोन सुया. एकीतून रक्त बाहेर येतं, मशीनमधून फिरतं, दुसरीतून आत जातं. मधे एक फिल्टर, पारदर्शक नळकांड्यासारखा. त्यातून पाणी तेवढं झिरपतं आणि मशीनच्या मागच्या नळीतून भिंतीतल्या ड्रेनमध्ये जातं. एरवी त्या नळीतून भडभड वाहतं. नुसतं पाणी काढायचं असलं की बारीक धार. आता मुख्य गोष्ट ऐका. एकदा सुया लागल्या की उठता येत नाही. कूस बदलता येत नाही. हात वाकवायचा नाही. आपलं रक्त आपल्या अंगाबाहेर फिरत असतं, माणूस जाणार कुठे?

त्या रात्री खिडकीजवळची खाट रिकामी होती, ती त्याला मिळाली. बसताना तो जरा थबकला. ती खाट धर्माआजोबांची.

हे धर्माआजोबा खाडीकडच्या गावातले. उभा जन्म मिठागरात गेलेला. पाय तळव्यांपासून गुडघ्यापर्यंत मिठाने खाऊन टाकलेले, आवाज मात्र खणखणीत. वर्षभर जितूच्या बाजूला झोपायचे. जितूला "बाला" म्हणायचे, पन्नाशीच्या माणसाला! आणि सुया लागल्या की एकच धोशा. "बाला, पानी हाय का रं? घोटभर." घरी सुनेने डॉक्टरांच्या सांगण्यावरून माठ कुलपात ठेवलेला. इथे सिस्टर प्रिस्का डोळ्यांत तेल घालून बसलेली. जितू मान फिरवायचा. सगळेच मान फिरवायचे.

मे महिन्यात एकदा मात्र त्याला राहवलं नाही. म्हातारा रडत होता. सिस्टर आत गेली होती. जितूने आपली बाटली पुढे केली. एक घोट घ्या म्हणाला. म्हाताऱ्याने भुरके मारत सगळी संपवली. तोंड पुसलं आणि हसला.

पुढच्या पाळीला धर्माआजोबा आले नाहीत. परवा रात्री धाप लागून गेले, एवढंच ग्लेनने सांगितलं. जितूने बाटलीचं कोणाला सांगितलं नाही. वहिनींनासुद्धा नाही.

तर त्या रात्री तो त्या खाटेवर पडला. मशीन सुरू झालं. पलीकडे फक्त जिजाबाई म्हणून एक म्हातारी, तिचं डायलिसिस संपत आलेलं. बाहेर पाऊस. ग्लेन जितूचा मोबाइल चार्जिंगला लावून गेला, समोरच्या टेबलावर. जितूचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा लाइट गेलेले.

मशीनला बॅटरी असते, ती चालू होती. पडद्याचा हिरवा उजेड. दारावरचा एक छोटा दिवा. बस. जिजाबाईंच्या सुया काढून झाल्या होत्या, पण त्यांना उभं राहवत नव्हतं आणि लिफ्ट बंद. खाली त्यांचा मुलगा गाडी घेऊन खोळंबलेला. ग्लेन म्हणाला, "काका, आम्ही आजींना खुर्चीसकट खाली नेतो. सिस्टर पण येतेय, बीपी बघत राहायला लागेल. पाच मिनिटं. तुमचं सगळं नीट चाललंय. चालेल ना?"

"जा, जा," जितू म्हणाला. नाही कसं म्हणणार?

त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली खाली गेला. काचेचं दार मागे आपोआप लागलं.

आणि मग शांतता. मशीनचा पंप तेवढा फिरत होता. घर्र... घर्र... घर्र.

थोड्या वेळाने त्याला त्या घरघरीत दुसरा आवाज ऐकू आला.

पहिल्यांदा त्याला वाटलं, पागोळी. मग वाटलं, ड्रेन तुंबलाय. आवाज मशीनच्या मागून येत होता, खाली, जमिनीलगत. बशीतून चहा पिताना येतो ना, तसा.

भुर्र.

थांबला.

भुर्र.

जितू स्वतःशी हसला म्हणे. पाइपात हवा अडकली असेल. त्याने मान वळवून पडद्याकडे पाहिलं. किती पाणी निघालं त्याचा आकडा पडद्यावर असतो. ठरलेलं पाणी निघालं की मशीन आपोआप थांबतं, टुणटुण वाजतं. इतक्या वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं.

आकडा ठरलेल्याच्या पुढे गेला होता. आणि चढत होता.

"ग्लेन!" त्याने हाक मारली.

पाऊस तेवढा वाजत होता.

मानेशी घंटीचं बटण होतं. दाबलं. लाइट नव्हते, घंटी मेलेली. मोबाइल समोरच्या टेबलावर. दिसत होता. चार पावलांवर असेल. पण ती चार पावलं म्हणजे सुया उपटून टाकायच्या, आणि त्या जाड शिरेतून रक्त असं उडतं की दारापर्यंत पोचायच्या आत माणूस संपतो. त्याला हे माहीत होतं. तो तसाच पडून राहिला.

उजव्या पोटरीत गोळा आला. मग डावीत. ओठ कोरडे झाले, जीभ टाळूला चिकटली. काट्यावर न चढताच त्याला कळलं, आपण कोरड्या वजनाच्या खाली चाललोय.

भुर्र... भुर्र... भुर्र.

आता घाई होती त्या आवाजात. एका भुरक्याला आकडा एकदा हलत होता. त्याने तीनदा पाहिलं. चौथ्यांदा पाहायचं धाडस झालं नाही.

"कोण आहे?"

भुरका थांबला.

मशीनच्या मागे काहीतरी सरकलं. ओल्या फरशीवर अनवाणी पाय सरकावा तसं. आणि एक सुस्कारा आला. पोटभर जेवल्यानंतर माणूस सोडतो तसा.

"बाला..."

जितूने डोळे मिटून घेतले.

"बाला. पानी हाय का रं?"

तेजस्वी, तू माझा हात सोड. मला सांगू दे.

जितूची उशाशी बाटली होती. गोळीपुरतं पाणी. त्याने उजव्या हाताने ती चाचपली, झाकण दातांनी उघडलं आणि काळोखात हात पुढे केला. पाणी चादरीवर सांडत होतं. स्वतःचा घसा इतका सुकलेला की आवाज फुटेना.

"आजोबा... हे घ्या. हे प्या."

कोणी बाटली घेतली नाही.



मग अगदी जवळून... "ते नको. ते फिकं लागतं."

जितूने बाटली तशीच पुढे धरून ठेवली.

"तुझं गोड हाय. तुझ्यात मीठ हाय."

आणि पुन्हा सुरू झालं. भुर्र. भुर्र. भुर्र.

जितूला पाय कळेनासे झाले. खोली लांब गेल्यासारखी वाटायला लागली. तेवढ्यात काचेच्या दारामागे उजेड हलला. ग्लेन! मोबाइलचा टॉर्च घेऊन ग्लेन उभा होता, मागे सिस्टर प्रिस्का. वाचलो, जितूच्या मनात आलं.

ग्लेनने दार ढकललं.

दार उघडलं नाही.

त्याने खांदा लावला. पुन्हा लावला. त्या दाराला कुलूप नाही, कडी नाही, ढकललं की उघडतं. मी स्वतः पाहिलंय. ग्लेनचं तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. तो काचेवर मुठी मारत होता आणि जितू इकडून बघत होता.

मग जितूने ते केलं. डाव्या हातातून मशीनकडे रक्त नेणारी जी नळी होती, ती त्याने उजव्या हाताने धरली. दुमडली. आणि दाबून धरली. रक्त अडलं की मशीन पाणी काढणं थांबवतं, एवढं त्याला ठाऊक होतं. आणि पंप फार वेळ थांबला की बाहेरचं रक्त नळीतच गोठतं, हेही ठाऊक होतं. सुकून मरायचं की रक्त घालवायचं? त्याने नळी सोडली नाही.

मशीन किंचाळायला लागलं. लाल दिवा. पंप थांबला. आकडा थांबला.

भुरकाही थांबला.

आता बघा. इतका वेळ जे काही होतं ते मशीनच्या मागे होतं, नळीच्या त्या टोकाला. ते टोक सुकलं.

लाल दिवा पेटत होता, विझत होता. पेटला की भिंत दिसायची. विझला की काही नाही.

पाय सरकला. मशीनच्या बाजूने. खाटेच्या बाजूने.

थंड श्वास. डाव्या हातावर. खारट वास... मिठागरावरून वारा येतो ना, तसा.

आणि सुया जागच्या जागी राहाव्यात म्हणून हातावर चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. त्यातल्या एका पट्टीचं टोक...

कोणीतरी नखाने उचलत होतं.

हळूच. पोरं खपली काढतात तसं.

जितू ओरडला. कोरड्या घशातून ओरडला. "आजोबा! मी दिलं होतं ना! कोणीच देत नव्हतं, तेव्हा मी दिलं होतं!"

नख थांबलं.

लाल दिवा पेटला. विझला. पेटला.

"म्हनून तर..." कानाशी आवाज आला. रागाचा नाही. मायेचा. "म्हनून तर तुझ्याकडं आलो, बाला."

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. ग्लेन तोंडावरच आत पडला. आणि लाइट आले.

खोलीत कोणी नव्हतं.

पुढचं जितूला अर्धवट आठवतं. ग्लेनने त्याच्या मुठीतून नळी सोडवली, पाय उंच केले, सलाइन चढवलं. नळीतलं रक्त गोठण्याआधी परत अंगात घेतलं. सिस्टर प्रिस्का गळ्यातला क्रूस मुठीत धरून पुटपुटत होती, दुसऱ्या हाताने प्रेशर बघत होती. प्रेशर लागतच नव्हतं. नंतर लागलं. काट्यावर उभं राहता येईना म्हणून ग्लेनने त्याला धरून उभं केलं, आणि आकडा बघितला. या वेळी शीळ नाही. कोरड्या वजनाच्या कितीतरी खाली. गाल बसलेले. वहिनी डबा घेऊन आल्या तर त्यांना क्षणभर ओळखू आला नाही.

"दार का उघडत नव्हतं रे?" जितूने घोटभर पाणी पिऊन विचारलं.

ग्लेन म्हणाला, "अडकलं नव्हतं काका. मी ढकलत होतो आणि आतून कोणीतरी पाठ लावून बसल्यासारखं ते परत येत होतं. मऊ होतं."

अल्पेश म्हणतोय, मशीन बिघडलं असेल. असेल. कंपनीचा माणूस आला, तपासून गेला, म्हणाला मशीन उत्तम आहे. प्रेशर पडलं की माणसाला भास होतात असं डॉक्टरही म्हणाले. जितूने सगळ्यांना हो म्हटलं.

पण पंधरा दिवसांनी, अंगात जोर आल्यावर, तो एकटाच खाडीकडच्या त्या गावात गेला. धर्माआजोबांची सून, हेमांगी, दारात मासे निवडत होती. जितूने तिला उभ्या उभ्या सांगून टाकलं. बाटलीचं. मी पाणी दिलं, आणि ते गेले. माझ्या हातून झालं.

त्या बाईने विळी बाजूला ठेवली आणि पदराने डोळे टिपले.

"शेवटच्या रात्री ते दार वाजवीत होते," ती म्हणाली. "पानी पानी करीत. आम्ही बाहेरून कडी लावलेली, डॉक्टर बोललेले ना, देऊ नका. आम्हाला वाटलं, नेहमीसारखे निजतील. सकाळी दार उघडलं, तर दाराला पाठ लावून बसलेले." मग म्हणाली, "तुमी दिलं ते बरं झालं हो. कोनी तरी दिलं."

दोघांनी मिळून खाडीवर जाऊन त्यांच्या नावाने पाणी सोडलं. ओंजळी ओंजळीने. जितू म्हणतो, त्या वेळी त्याला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. आता तो सकाळच्या पाळीला जातो, दाराजवळची खाट घेतो. कढीला शिवत नाही. आणि बाजूचा कोणी पाणी मागायला लागला, तर मान फिरवत नाही, सिस्टरला हाक मारून बर्फाचा खडा मागून देतो. तेवढा चालतो म्हणे.

झालं. संपली गोष्ट... संपली असं मीही समजत होतो.

दिवाळीच्या आधी सेंटरचं रंगकाम काढलं. मशीनं सगळी भिंतीपासून पुढे ओढली. खिडकीजवळचं मशीन ओढलं तेव्हा मागची ड्रेनची नळी ग्लेनच्या हातात आली. त्याने जितूला बोलावून घेतलं आणि मी सोबत होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. अंगठ्याएवढी जाड नळी, चांगली कडक. तिच्या तोंडाशी दातांच्या खुणा होत्या. माणसाच्या दातांच्या. पोरं उसाचं कांडं चघळतात तशी चघळलेली, गोल, सगळीकडून.

ग्लेनने ती उजेडात धरली.

काही खुणा जुन्या होत्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. आणि काही ओल्या.